‘ट्रान्सफर’ला काय म्हणावं: हस्तांतर, फेरफार की वर्ग?

आमच्या भागातले बरेच केबलवाले आता इंटरनेट देतात. त्यांच्यासाठी मराठीत चार पानांचं माहितीपत्रक लिहायला घेतलंय आणि पहिल्या मथळ्यावरच गाडी अडलीय. आयपी पत्ते म्हणजे इंटरनेटवर यंत्रं ओळखायचे आकडे; त्यांची नोंद ठेवणाऱ्या विभागवार संस्था म्हणजे रजिस्ट्र्या. एका विभागाच्या रजिस्ट्रीत नोंदलेले पत्ते दुसऱ्या विभागातल्या कंपनीला घ्यायचे असतील तर नियम काय, हा विषय. मी मथळा दिला, ‘आंतरनोंदणीसंस्था पत्ता-अवकाश हस्तांतरण धोरण’. बायकोने वाचून विचारलं, इस्रोचं काम मिळालं का?

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. जगाचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला. उरलेले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागीय रजिस्ट्र्यांना एकेक देऊन टाकले. आपण येतो आशिया-पॅसिफिकच्या एपनिकखाली. तिथे त्याच एप्रिलपासून त्या शेवटच्या गठ्ठ्यावर रेशन लागलं: सभासदामागे जास्तीत जास्त १०२४ पत्ते. २०१९ मध्ये तेही निम्मं करून ५१२ केलं. धंदा वाढवायचा तर ज्याच्याकडे पडून आहेत त्याच्याकडून घ्यायचे, आणि पडून असलेले बरेचसे अमेरिकेत. तिथल्या एकट्या एमआयटी विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाखांचा अख्खा गठ्ठा होता. त्यातला मोठा हिस्सा २०१७ मध्ये ॲमेझॉनने घेतला.

तर या ‘घेण्या’ला काय म्हणू? बदली, स्थलांतर, हस्तांतरण, विक्री, सगळं खोडून झालं. आणि ‘पत्त्यांचे वाटप’ असं लिहिलं की वडील विचारतात, रमी की तीनपत्ती? तुम्हीच सुचवा, उत्तरं खाली लिहा.

बदली नको

बदली मास्तरांची होते नाहीतर फौजदाराची. त्यात माणूस हलतो, खातं तेच राहतं. तुमच्या व्यवहारात उलटं आहे.

हस्तांतर. ‘ण’ कशाला?

समासाच्या शेवटी ‘अंतर’ आलं की अर्थ ‘दुसरा’. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, तसं हस्तांतर म्हणजे दुसरा हात. आपण भाषांतरण म्हणत नाही, वेषांतरण म्हणत नाही, मग हस्तांतरणच का? हिंदी परिपत्रकांवरून आलेला ‘ण’ असावा तो. विशेषण हवं तर ‘हस्तांतरित’ आहेच. आणि ‘अवकाश’ तर काढाच. इथे स्पेस म्हणजे नुसता साठा.

स्थलांतर अजिबात नाही (सिंगापूरहून)

मी इथे एका होस्टिंग कंपनीत हेच काम करतो म्हणून लिहितो. आम्ही अमेरिकेतल्या एका कंपनीकडून ४०९६ पत्ते घेतले. अमेरिकेच्या एरिनकडून नोंद निघाली आणि एपनिककडे लागली. राउटर आधीही सिंगापुरात होता, नंतरही सिंगापुरातच. जागेवरून काहीच हललं नाही.

गंमत पुढे झाली. पत्त्यावरून ठिकाण सांगणारे जे खाजगी तक्ते असतात त्यांना हा बदल कळायला वेळ लागतो. महिनाभर आमच्या ग्राहकांना ओहायोचं हवामान दिसत होतं. बाहेर घामाच्या धारा, आणि मोबाइल सांगतोय की रात्री बर्फ पडणार आहे. एका बाईंनी फोन करून विचारलं, तुमचं इंटरनेट अमेरिकेतून येतं म्हणून हळू आहे का? ‘स्थलांतर’ लिहिलंत तर तुमचे केबलवालेही हेच समजतील.

फेरफार!

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आयपीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण वर वाचलं ते सगळं ओळखीचं वाटलं. वस्तू जागच्या जागी, फक्त कागदावरचं नाव बदलतं. याला आमच्याकडे फेरफार म्हणतात, गाव नमुना ६. अर्ज येतो, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मग सातबारावर नवीन नाव लागतं. तुमच्याकडे तुकडेबंदी आहे का हो?

आहे, आहे (पुन्हा सिंगापूर)

काका, अगदी आहे. २५६ पत्त्यांपेक्षा लहान तुकडा हस्तांतरित होत नाही. आणि त्याहून लहान तुकडा जगातले बहुतेक मोठे राउटर ओळखतही नाहीत, म्हणून तो घेऊन उपयोगही नसतो.

तुमचा भोगवटादार वर्ग २ सुद्धा सापडेल, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन. वर म्हटलेला एपनिकचा जो शेवटचा गठ्ठा, १०३ या आकड्याने सुरू होणारा, त्यातले पत्ते मिळाल्यापासून पाच वर्षं दुसऱ्याला देता येत नाहीत. रेशनचं धान्य बाजारात विकू नये म्हणून.

आणि शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, तसं इथे गरज दाखवावी लागते. पुढच्या २४ महिन्यांत हे पत्ते कुठे वापरणार त्याचा आराखडा द्यायचा. युरोपच्या राइपने आपल्या विभागापुरती ही अट काढून टाकली होती. पण एरिन म्हणाली, ज्यांच्याकडे गरजेची अटच नाही त्यांच्याशी आमचा व्यवहार नाही. शेवटी राइपने एरिनकडून येणाऱ्या पत्त्यांपुरता वेगळा नियम केला: निम्मे तरी पाच वर्षांत वापरात आणण्याचा आराखडा द्या. तेव्हा कुठे २०१५ मध्ये दार उघडलं. एरिन आणि एपनिक यांचं २०१२ पासूनच जुळलं होतं. लॅटिन अमेरिकेची लॅकनिक २०२० मध्ये आली. आफ्रिकेच्या ॲफ्रिनिकचा मात्र बाकी कुणाशीच रोटीबेटी व्यवहार नाही; पत्ते विभागाबाहेर जात नाहीत आणि बाहेरून येतही नाहीत.

सरळ ‘विक्री’ म्हणा की

एवढा सोवळेपणा कशाला? २०११ मध्ये नॉर्टेल या दिवाळखोर टेलिकॉम कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. भागिले तर पत्त्यामागे सव्वाअकरा डॉलर. भाव ठरला, पैसे दिले, माल घेतला. याला विक्री म्हणायचं नाही तर काय कन्यादान?

विक्री आणि फेरफार, दोन्ही, पण वेगवेगळे

पैसे दिले ती विक्री, यात वाद नाही. पण त्याच व्यवहारात मायक्रोसॉफ्टला एरिनशी करार करावा लागला होता. एरिनच्या करारात धारकाला तीन हक्क मिळतात: नोंदीत आपलंच नाव असण्याचा, त्या नोंदीतले पत्ते वापरण्याचा आणि धोरणाप्रमाणे ती नोंद दुसऱ्याच्या नावे करण्याचा. तिन्ही हक्क नोंदीभोवतीच फिरतात. म्हणजे खरेदीखत झालं तरी फेरफार मंजूर होईपर्यंत हातात फारसं काही नाही.

मात्र अव्वल कारकून काकांना एक शंका विचारतो. फेरफाराने मालकी मिळत नाही, ती फक्त महसुलासाठीची नोंद, असं न्यायालयं कायम सांगत आलीत. सातबाऱ्यामागे जमीन असते. आयपीच्या नोंदीमागे काय असतं? काहीच नाही, नोंद हीच वस्तू. तेव्हा उपमा घ्या, पण जपून.

मान्य. आणि एक शब्द राहिला

बरोबर आहे, फेरफाराने मालकी येत नाही, हे निम्म्या तालुक्याला सांगून माझा घसा बसला होता.

पण दुसरं सांगतो. एका गावात नाव बदललं तर फेरफार. प्रकरणच एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे गेलं, तर आम्ही म्हणतो ‘वर्ग केलं’. खटला दुसऱ्या न्यायालयाकडे वर्ग होतो, रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग होते, गुन्हा दुसऱ्या ठाण्याकडे वर्ग होतो. तुमच्या व्यवहारात धारकही बदलतो आणि दप्तरही बदलतं. दोन क्रिया आहेत, दोन शब्द वापरा.

मूळ प्रश्नकर्ता

काका, हाच शब्द सापडत नव्हता. बँकेत रोज ऐकतो आणि लिहिताना आठवला नाही. रात्री मसुदा बदलला:

‘पत्ते हस्तांतर: एका रजिस्ट्रीकडून दुसरीकडे नोंद वर्ग करण्याचे नियम. किमान २५६ पत्त्यांचा गट. धारक बदलल्याची नोंद दोन्ही रजिस्ट्र्यांनी मंजूर केल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत.’

‘गठ्ठा’ऐवजी ‘गट’ केलंय, गट नंबरसारखं. सिंगापूरकरांचं ओहायोचं हवामान चौकटीत टाकतोय, परवानगी गृहीत धरून. बायकोने वाचलं. इस्रोचं नाव काढलं नाही, पण ‘रजिस्ट्र्यांनी’वर बोट ठेवलंय. अनेकवचन सुचवा कुणीतरी.

‘दोन्हीकडून मंजुरी’ लिहा

अनेकवचन करूच नका.