कबड्डी संघाने गावाला पळवावं, पण पाच किलोमीटर नको

कबड्डी संघाने रविवारी सगळ्या गावाला पाच किलोमीटर पळवावं, असं चर्चेत कोणीतरी सुचवलंय. संघानेच पुढाकार घ्यावा हे पटतं, अंतर मात्र अजिबात पटत नाही. बसून काम करणारा माणूस पहिल्याच दिवशी डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर पळाला की नडगी दुखते, आणि पुढच्या रविवारी तो येत नाही. आठवड्यातून तीन दिवस, एक मिनिट हळू पळणं नि दोन मिनिटं चालणं, अशा आठ फेऱ्या पुरतात. पळताना बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. दोन आठवड्यांनी पळण्याचं अर्धं मिनिट वाढवा.

कोणी न मांडलेला मुद्दा पावसाचा. बेळगावजवळच्या आपल्या खानापूर भागात जून ते सप्टेंबर तांबडी माती इतकी निसरडी होते की मैदान विसराच. तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात पायरीवर चढ-उतार करून घ्या, पायरी वीतभर उंच पुरे. तालमीतल्या पूर्ण बैठका पन्नाशीच्या गुडघ्यांना देऊ नका; खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन सेट. आणि पैलवानाचा खुराक तर नकोच, अर्धा तास चालून वर कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावी मिठाई, खाल्ला तर हिशेब उलटाच!

पहिल्या दिवशी रक्तदाब मोजा, पण पाच मिनिटं शांत बसवून. आल्या-आल्या मोजलं की आकडा फुगतो. 180/110 च्या वर असेल त्याला व्यायाम नाही, आधी डॉक्टर.