मदत हवी आहे: वडिलांचे मासेमारीचे जुने चाकू कसे ओळखायचे? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी जुन्या नाशकातला. आमच्या आप्पांना गळ टाकण्याचा भारी नाद. रविवारी पहाटे सायकलला काठी बांधून गंगापूर धरणाकडे निघायचे, दुपारी मरळ नाहीतर वाम घेऊन घरी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. गेल्या महिन्यात माळा आवरताना त्यांची पत्र्याची पेटी निघाली. गळ, शिसं आणि दोऱ्याच्या रिळांखाली दोन चाकू होते.

एक मिटवायचा. पिवळी मूठ, दोन पाती. धाकट्या पात्याच्या पाठीवर करवतीसारखे बोथट दाते आणि टोकाला इवलीशी खाच. दाते खवले काढायला, हे माझ्या लक्षात आलं. खाचेचं काम आईने सांगितलं: माशाने गळ खोल गिळला की आप्पा त्या खाचेत गळ धरायचे, जरा आत रेटायचे आणि अलगद सोडवून घ्यायचे. मोठ्या पात्याच्या मुळाशी 'शेफील्ड' आणि 'इंग्लंड' एवढंच वाचता येतं. वरची ओळ गंजाखाली आहे.

दुसरा सरळ. लाकडी मूठ, कातडी म्यान, आणि पातं इतकं पातळ की अंगठ्याने दाबलं तर लवतं. त्यावर 'रापाला', 'जे. मार्तीनी' आणि 'फिनलंड' अशी अक्षरं. देवळालीला आप्पांचे एक लष्करातले मित्र होते, त्यांनी दिला असेल असं आई म्हणते.

हे दोन्ही मी अजून साफ केलेले नाहीत, कारण एकदा हात पोळलेत. गंगेवरच्या (म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या) बुधवारच्या बाजारात एक जुना चाकू घेतला होता, तो हौसेने धारवाल्याकडे दिला. त्याने चाकावर धरून लखलखीत करून दिला. मुळाशी असलेली अक्षरं साफ गेली आणि टोक निळं पडलं. फार वाईट वाटलं. आप्पांच्या चाकूंचं तसं व्हायला नको.

हे साधारण कधीचे असतील? पिवळी मूठ हाडाची की कशाची? गंज कसा काढू? आणि असे चाकू जमवायचे तर बाजारात आधी काय बघायचं?

प्रतिसाद:

धारवाल्याला पुन्हा देऊ नका, हे पहिलं. टोक निळं पडलं म्हणजे तिथलं पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, ती धार आता टिकणार नाही.

तुमचा फिनलंडचा चाकू सोपा आहे. रोव्हानिएमीच्या मार्तीनी कारखान्याची सुरुवात १९२८ ची, पण रापाला या मासेमारीचं सामान करणाऱ्या कंपनीच्या नावाचा हा मासे कापायचा चाकू १९६७ मध्ये आला. म्हणजे त्याच्या आधीचा नाही. म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरतं आणि पातं आतल्या आत गंजतं.

मिटवायच्या चाकूवर 'इंग्लंड' आहे हे महत्त्वाचं. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर शेफील्ड या इंग्लंडमधल्या चाकूंच्या शहरातले कारखानदार ते सर्रास ठोकू लागले, म्हणजे तुमचा चाकू बहुधा त्यानंतरचा. 'स्टेनलेस' शब्द कुठे आहे का पाहा. ते पोलाद शेफील्डमध्येच १९१३ मध्ये हॅरी ब्रेअर्लीने बनवलं, त्यामुळे शब्द सापडला तर चाकू त्यानंतरचा. नुसतं काळपट पोलाद मात्र जुनेपणाचा पुरावा नाही, तसे चाकू आजही बनतात.

मूठ अंगठ्याने गरम होईपर्यंत चोळा आणि वास घ्या. आरतीच्या कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक. ते जुनं होऊन कुजायला लागलं की त्यातून निघणाऱ्या वाफेने शेजारचं लोखंड गंजतं, म्हणून तो चाकू बंद पेटीत इतरांसोबत ठेवू नका.

गंजावर शिलाई मशीनचं तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको. लाल गंज काढायचा, काळपट रंग राहू द्यायचा. मग अक्षरांवर खडू चोळून बाजूने टॉर्च मारा. चांदणी आणि शेजारी क्रूस दिसला तर ती जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या चाकू कंपनीची खूण. पण या नावाच्या नकला खूप झाल्या, म्हणून लगेच खात्री धरू नका.

बाजारात मी आधी पात्याचं मूळ बघतो, मग पातं उघडून डगडगतं का ते. घासून बारीक झालेलं पातं असेल तर सोडून देतो.

धागाकर्ता:

मनापासून आभार. मूठ चोळली, कापूरच! तो चाकू लगेच वेगळा काढला. तेल सोडून दोन रात्री झाल्या. खडूने चांदणी स्पष्ट उठलीय, शेजारी अजून गंज आहे. आज तिसऱ्यांदा तेल सोडतोय. रविवारी गच्चीवर उन्हात फोटो काढून इथे टाकतो.