मदत हवी आहे : साथ एकच, मग परिणाम इतके वेगळे का?

जगाचा इतिहास वाचताना एका ठिकाणी अडकलोय, जाणकारांनी मदत करावी.

१३४७ मध्ये काळ्या समुद्राकडून आलेल्या जिनोआच्या व्यापारी जहाजांबरोबर प्लेग सिसिलीतल्या मेसिनाला पोहोचला. त्याच वर्षी तो अलेक्झांड्रियातही उतरला. ज्या वाटांनी रेशीम, धान्य, मसाले फिरत होते, त्याच वाटांनी रोगही फिरला. इथपर्यंत समजतं.

कोडं पुढचं आहे. इंग्लंडमध्ये माणसं कमी झाली आणि मजुरी वाढली. १३५१ मध्ये कायदा करून ती जुन्या दरावर रोखायचा प्रयत्न झाला, तरी भूदासपद्धत (शेतकऱ्याला जमीनदाराच्या जमिनीशी बांधून ठेवणारी पद्धत) हळूहळू ढासळलीच. इजिप्तमध्येही भयानक मृत्यू झाले, पण गावं ओस पडल्यावर नाईलचे बांध-कालवे राखायला माणसं उरली नाहीत आणि शेतीच खालावली. पूर्व युरोपात तर पुढच्या शतकांत शेतकरी जमिनीला आणखी घट्ट बांधला गेला!

फरक नेमका कशाने पडला? जमिनीवरचा ताबा, सिंचनाचं तंत्र, की शहरांची ताकद? मला पहिलं कारण जास्त पटतं. इजिप्तवर तेव्हा सत्ता असलेले मामलुक सरदार राहायचे कैरोत, गावाशी त्यांचा संबंध महसुलापुरता. पण पूर्व युरोपातले जमीनदार तर आपल्या जमिनींवरच राहत होते, तिथे हे उत्तर तोकडं पडतं.

आणखी एक. १४५० च्या सुमारास जर्मनीतल्या माइन्झमध्ये छपाई सुरू झाली, तिचा संबंध साथीनंतर महागलेल्या मजुरीशी जोडणं कितपत योग्य? हाताने पुस्तकं उतरवून काढणाऱ्या लेखनिकांची मजुरी वाढली म्हणून यंत्राची गरज भासली, असा तर्क वाचला. ठोस पुरावा कोणाच्या वाचनात आला असेल तर नक्की सांगा.