विंडोज 10 चा आधार संपला म्हणून चालती मशीनं भंगारात का घालायची?

शहापूर_डीटीपी

बेळगावात सध्या छापखानेवाले, झेरॉक्सवाले, लहानसहान अकाउंटंट यांच्यामागे एकच धोशा लागलाय: "विंडोज 10 संपलं, आता मशीन बदलाच." माझ्या ओळखीच्या दोघांनी या भीतीपोटी धडधाकट डेस्कटॉप मातीमोल भावात काढून टाकले आणि हप्त्यावर नवे घेतले. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

आधी नेमकं काय झालंय ते सांगतो. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 चा आधार, म्हणजे सपोर्ट, 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही आणि त्यामुळे पडणारही नाही. सुरक्षेच्या मोफत अपडेट यायच्या थांबल्या, एवढंच. विंडोज 11 वर जायचं तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर, एएमडी असेल तर साधारण रायझन 2000 पासून पुढचा, आणि शिवाय टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. त्याआधीच्या पिढीचं जे काही असेल ते जवळजवळ सगळं बाद.

माझ्या दुकानात चौथ्या पिढीचा आय-5 आहे. रॅम 16 जीबी, एसएसडी घातलेली. एकीकडे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅनर उघडा असतो, दुसरीकडे श्री-लिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका चालू, आणि पाटीवरच्या कन्नड मजकुरासाठी नुडी. कुठंही अडत नाही. अशा मशीनला नालायक कोणी ठरवायचं?

हा नियम निव्वळ तांत्रिक आहे असंही मी मानत नाही. सातव्या पिढीचे प्रोसेसर बाद केले, पण त्यातला आय-7 7820एचक्यू मात्र ऑगस्ट 2021 मध्ये यादीत घेतला. तोच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ 2 मध्ये होता. स्वतःचं महागडं यंत्र विकत घेतलेल्या गिऱ्हाइकाची सोय बघता येते, तर आमची का नाही? वर 2015 साली कंपनीच्याच एका माणसानं जाहीर परिषदेत सांगितलं होतं की विंडोज 10 हेच शेवटचं विंडोज. मे 2024 मध्ये 'कोपायलट प्लस पीसी' आले, त्यांना सेकंदाला 40 लाख कोटी गणितं करणारा वेगळा एनपीयू, म्हणजे एआयसाठीचा प्रोसेसर, लागतो. पत्रिका छापणाऱ्याला तो कशाला?

माझं म्हणणं सरळ आहे. मशीन धड चालतंय तोवर सुरक्षेच्या अपडेट देणं ही कंपनीची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडून घेण्याऐवजी आपण खिशात हात घालतोय.

उद्यमबाग_मेंटेनन्स

अण्णा, तुम्ही म्हणालाय त्यातलं कंपनीबद्दलचं निम्मं खरं आहे. पण "फक्त अपडेट थांबल्या" हे वाक्य फार घातक आहे, लोक तेवढंच वाचतील.

मे 2017 आठवा. वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरस आलं. ज्या भोकातून ते शिरलं, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, ते अडकले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची (एनएचएस) रुग्णालयं खोळंबली, आपल्याकडे आंध्र पोलिसांचे काही संगणक अडकले. यात कुणी चुकीच्या फाइलवर क्लिक करायचीही गरज नव्हती. एकाच नेटवर्कमधल्या एका मशीनवरून दुसऱ्यावर ते आपोआप पसरत होतं. तेव्हा निदान दुरुस्ती तयार होती. आता तुमच्या मशीनसाठी ती येणारच नसेल, तर दर महिन्याला जाहीर होणारं प्रत्येक नवं भोक कायमचं उघडं राहणार.

आणि तुमच्या मशीनवर फक्त पत्रिका नसतात. डेस्कटॉपवर 'स्कॅन' नावाचं फोल्डर असतंच. त्यात आधार, रेशन कार्ड, जमिनीचा उतारा, पोरांचे मार्कशीट, बँकेचं पासबुक, आणि वर्षानुवर्षं कुणी पुसलेलं नसतं. ज्या म्हातारीनं आधारची झेरॉक्स काढायला तुमच्याकडे कार्ड दिलं, तिला तुमच्या चौथ्या पिढीचं कौतुक नाही. तिचा कागद सुरक्षित राहिला पाहिजे.

शहापूर_डीटीपी

स्कॅनच्या फोल्डरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, तो विंडोज 11 वरसुद्धा तेवढाच लागू आहे. पण अपडेट येणारच नाहीत हे बरोबर नाही. घरगुती ग्राहकांसाठी ईएसयू म्हणून वाढीव योजना आहे, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. सेटिंगमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नोंदणीचा दुवा दिसतो. मशीन 22एच2 आवृत्तीवर पाहिजे. मायक्रोसॉफ्ट खात्यातून सेटिंग सिंक केलं तर पैसे नाहीत, नाहीतर 30 डॉलर. एका खात्यावर 10 मशीनं बसतात.

युरोपात तर ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर सप्टेंबर 2025 मध्ये ती सिंकची अटसुद्धा काढली. म्हणजे दाबलं की कंपनी वाकते. आपल्याकडे दाबणार कोण, हाच माझा प्रश्न आहे.

निपाणी_अकाउंट्स

दादा, थोडं थांबा. ती योजना वैयक्तिक वापराच्या मशीनसाठी आहे. धंद्याच्या मशीनला वेगळा दर लागतो: पहिल्या वर्षी मशीनमागे 61 डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्याही दुप्पट. तीन वर्षांचे मिळून 427 डॉलर. त्या पैशात जुनं मशीन सांभाळत बसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही, मी बोलतो. आपल्या बाजारातल्या किती मशीनवर विकत घेतलेलं विंडोज आहे? असेंबल करून देणारा सोबत "विंडोज टाकून" देतो, बिलात त्याची ओळ नसते. ज्याच्याकडे परवानाच नाही, तो कंपनीकडे हक्कानं काय मागणार? आधी तिथून सुरुवात करा.

माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या डिजिटल सहीचे टोकन असतात. जीएसटीचं रिटर्न, इन्कम टॅक्स, सगळं त्यांच्या विश्वासावर. मी नोव्हेंबरातच मशीन बदललं आणि रात्री शांत झोपतो. हा खर्च मी वीजबिलासारखा धंद्याचा खर्च धरतो.

कॅम्प_हार्डवेअर

विक्रेता म्हणून बोलतो, राग मानू नका. इथं आम्हा सगळ्यांनाच एका माळेत ओवलंय. माझ्याकडे "विंडोज 11 घेत नाही" म्हणून येणाऱ्यांत अशी बरीच मशीनं असतात की प्रोसेसर आठव्या किंवा नवव्या पिढीचा आहे, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) टीपीएम बंद आहे. इंटेलच्या बोर्डात ते पीटीटी नावानं असतं, एएमडीच्या बोर्डात एफटीपीएम. चालू केलं, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लावलं, विषय संपला. त्यासाठी नवं मशीन विकणारा माणूस चुकीचाच. गिऱ्हाइकानं आधी "पीसी हेल्थ चेक" चालवून बघावं, ते मायक्रोसॉफ्टचंच मोफत ॲप आहे.

पण खरंच जुनी असतील त्यांना मी सांगतो की निर्णय लोंबकळत ठेवू नका. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढून घेतल्यामुळं 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. मायक्रॉननं तर डिसेंबरात 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. "पुढच्या दिवाळीला स्वस्त होईल" या आशेवर थांबलेल्यांना मी तरी भरवसा देऊ शकत नाही.

शहापूर_डीटीपी

@कॅम्प_हार्डवेअर मामा, बायोसचा सल्ला तुम्ही दिलात हे फार चांगलं केलंत, तुमच्यासारखे चार निघाले तर धाग्याची गरजच पडली नसती. पण रॅमच्या भावाचा मुद्दा माझ्या बाजूचा आहे, तुमच्या नाही! रॅम महागलीय म्हणूनच ज्याच्याकडे 16 जीबी घातलेली आहे त्यानं ते मशीन काढू नये.

@निपाणी_अकाउंट्स, परवान्याचं पटलं. माझ्याकडे बिल आहे. पण तुमच्याकडे सहीचे टोकन, माझ्याकडे बॅनर. दोघांना एकच औषध कसं चालेल?

खानापूर_शिक्षिका

तुम्ही सगळे दुकानाचं बोलताय. मी शाळेचं सांगते. आमची मराठी माध्यमाची शाळा, तालुक्याच्या जंगलपट्टीकडची. संगणक कक्षात आहेत ती मशीनं माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कंपन्यांतून निघालेली गोळा करून दिलेली. सगळी तिसऱ्या-चौथ्या पिढीची. त्यांना विंडोज 11 मिळणार नाही आणि नव्यांसाठी पैसे कुठून आणायचे हे मला कुणी सांगावं. सीमाभागातल्या मराठी शाळेची अवस्था इथं वेगळी सांगायला नको.

आम्ही दोन मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवून बघितली. एसएसडी नाही, रॅम 4 जीबी, तरी चालतं. मराठी आणि कन्नड दोन्हीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे, लिबरऑफिस दोन्ही भाषांत मिळतं. सहावीच्या मुली मराठी निबंध आणि कन्नड अर्ज एकाच कीबोर्डवर टाइप करतात. इनस्क्रिप्टमध्ये 'क' ची जागा दोन्ही भाषांत तीच असल्यामुळं एकदा बोटं बसली की दुसरी भाषा निम्मी आलेलीच असते. केरळनं सरकारी शाळांत कित्येक वर्षांपासून लिनक्सच वापरलंय, पूर्ण राज्यात. मग आपण मायक्रोसॉफ्टच्या तारखेला इतकं का घाबरायचं?

उद्यमबाग_मेंटेनन्स

मॅडम, तुमचं काम मनापासून आवडलं. पण केरळात त्यामागे 'काइट' ही सरकारी संस्था उभी आहे. शिक्षकांचं प्रशिक्षण, स्वतःची आवृत्ती, दुरुस्ती, सगळं तिच्याकडे. तुमच्याकडे तुम्ही एकट्या. उद्या तुमची बदली झाली की त्या मशीनवर धूळ बसेल. माझा विरोध लिनक्सला नाही, एका माणसाच्या हौसेवर व्यवस्था टांगण्याला आहे.

खानापूर_शिक्षिका

सर, मी हौस म्हणून करत नाही. दुसरा पर्याय बंद खोलीचा आहे. आणि बदलीचा धोका विंडोजच्या कक्षालाही आहेच, तिथंही शिकवणारी व्यक्ती गेली की कुलूपच लागतं. नववीच्या दोन मुलांना मी पेन ड्राइव्हवरून मिंट बसवायला शिकवलंय. पुढच्या वर्षी ती दहावीत असतील, खालच्या वर्गाला ती शिकवतील. एवढी तजवीज माझ्या हातात आहे, ती मी करतेय.

मच्छे_मशीनशॉप

आमच्या कारखान्यातलं बघा की. एका जुन्या सीएनसीच्या (संगणकानं चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) कंट्रोलला विंडोज एक्सपी आहे. एक्सपीचा आधार गेला एप्रिल 2014 मध्ये. मशीन अजून दिवसाला दोन पाळ्या मारतंय. त्याला इंटरनेट नाही, लॅनची वायर नाही, प्रोग्रॅम एका ठरलेल्या पेन ड्राइव्हनं जातो. त्या कंट्रोलला हात लावायचा तर सगळं मशीन रेट्रोफिट करावं, म्हणजे कंट्रोल नवा बसवून घ्यावा लागतोय आणि तेवढ्या पैशात काय काय होतंय ते धंदेवाल्यांना ठाऊक आहे.

ज्यांना नवीन घ्यायचं हाय त्यांनी एक लक्षात ठेवा: विंडोज 10 ची आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी 2021 म्हणून आवृत्ती आहे, तिला जानेवारी 2032 पर्यंत अपडेट आहेत. म्हणजे कंपनीला जमत नाही असं नाही. कारखान्यातल्या यंत्राला 2032 पर्यंत अपडेट आणि घरातल्या मशीनला नाही, याचं उत्तर मलापण पाहिजे.

शहापूर_डीटीपी

हाच मुद्दा! दुरुस्त्या तयार होतातच. त्या बनवायचा खर्च आधीच झालेला आहे, फक्त त्या आमच्यापर्यंत सोडायच्या नाहीत असं ठरवलंय.

उद्यमबाग_मेंटेनन्स

ते इतकं सोपं नाही. एलटीएससीमध्ये नवी वैशिष्ट्यं येत नाहीत, ठरावीक यंत्रांवर ठरावीक काम असतं. घरच्या मशीनवर हजार तऱ्हेचे प्रिंटर, ड्रायव्हर, गेम. प्रत्येक दुरुस्ती त्या सगळ्यांवर तपासायला माणसं लागतात. दहा वर्षं दिली त्यांनी, जुलै 2015 ते ऑक्टोबर 2025. मोबाइलवाले एवढी कुठं देतात?

आणि अजून एक कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. सिक्युअर बूटची 2011 ची प्रमाणपत्रं जून 2026 पासून संपायला लागतात. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट चालू असलेल्या आणि ईएसयूतल्या मशीनना नवी मिळतात, बाकीच्यांना नाही. मशीन चालू होत राहील, पण सुरू होतानाच्या टप्प्यावरचं संरक्षण जुनंच राहील. एकेक दार असं हळूहळू उघडं पडत जाणार.

कॅम्प_हार्डवेअर

रूफस नावाचं सॉफ्टवेअर वापरून, अटी चुकवून जुन्या मशीनवर विंडोज 11 बसवून देणारेही बाजारात आहेत, "ओरिजिनल अपग्रेड" म्हणून पैसे घेतात. सावध राहा. ते बसतं, पण कंपनी अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि वर्षाची मोठी अपडेट परत हातानं बसवावी लागते. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवर तर विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती चालूच होत नाही, प्रोसेसरमध्ये लागणाऱ्या आज्ञाच नाहीत.

शहापूर_डीटीपी

मी काय करणार ते सांगतो, ज्याला पटेल त्यानं घ्यावं. छपाईच्या मशीनची लॅनची वायर काढतोय, वायफाय बंद. कोरल, श्री-लिपी, नुडी तिथंच राहतील, कारण जुन्या श्री-लिपीचं लॉक (परवान्याचं) आणि इतक्या वर्षांच्या फाइली हलवायच्या म्हणजे वेगळाच खर्च. मेल, व्हॉट्सॲपवर येणारा मजकूर आणि आधारचं स्कॅनिंग यासाठी एक जुना पण आठव्या पिढीचा लॅपटॉप बघतोय, त्यावर विंडोज 11. स्कॅन रोज संध्याकाळी पुसायचे, रिसायकल बिनसकट. कंपनीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, ग्राहक मंचाकडे तक्रारीचा मसुदा लिहितोय, कुणाला सही करायची असेल तर कळवा.

उद्यमबाग_मेंटेनन्स

सही करतो. पण व्हॉट्सॲपवर आलेली फाइल त्या बिनवायरच्या मशीनवर न्यायची कशी?

शहापूर_डीटीपी

पेन ड्राइव्हनं. लॅपटॉपवर आधी व्हायरससाठी स्कॅन करून.

उद्यमबाग_मेंटेनन्स

मग ऑटोप्ले (पेन ड्राइव्ह लावताच आपोआप उघडणं) बंद करा, दोन मशीनमध्ये फिरायला एकच पेन ड्राइव्ह ठेवा, आणि गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह छपाईच्या मशीनला कधीही लावू नका, ओळखीचा असला तरी. मला अजूनही वाटतं तुम्ही दोन वर्षांत मशीन बदलाल.

शहापूर_डीटीपी

बदलीनही, पण मदरबोर्ड जाईल तेव्हा.