चित्रपटांत ठरावीक कंपन्यांचेच संगणक का दिसतात?

रामबागची वाचक

नमस्कार. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या मुलीने घरी बरेच हिंदी व इंग्रजी चित्रपट पाहिले. त्यांतल्या बहुतेकांत, पात्र कोणत्याही परिस्थितीतले असो, त्याच्या समोर झाकणावर सफरचंद असलेला तोच लॅपटॉप उघडलेला होता. एका कथेतील नायिकेचे तीन महिन्यांचे घरभाडे थकले आहे, आईच्या औषधाला पैसे नाहीत, आणि तरीही तिच्या टेबलावर तो महागडा लॅपटॉप आहे. आपल्या इंदूरमध्ये भंवरकुआँकडच्या शिकवणी वर्गांतील मुलांकडे मला डेल, एचपी नाहीतर लेनोवोच दिसतात. कंपन्या यासाठी निर्मात्यांना पैसे देतात का? आणि देत असतील, तर ही जाहिरात आहे हे प्रेक्षकाला का सांगितले जात नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जेलरोडकर

ताई, संगणक दुरुस्ती आणि भाड्याने देणे हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय आहे, म्हणून स्वतः पाहिलेले सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी महेश्वरला चाललेल्या एका चित्रीकरणासाठी बँकेचे दृश्य उभे करायला माझ्याकडून सहा संगणक नेले होते. कलादिग्दर्शकाच्या मदतनिसाने पोहोचताच पहिले काम काय केले असेल, तर प्रत्येक पडद्याखालचे कंपनीचे नाव काळ्या चिकटपट्टीने झाकले. मी कारण विचारले, तेव्हा त्याने सांगितले की ज्या कंपनीशी काही ठरलेले नाही तिचे नाव फुकट दाखवायचे नसते, कारण उद्या तिची प्रतिस्पर्धी कंपनी पैसे द्यायला तयार झाली तर अडचण होते.

त्याच दिवशी मला दुसरी गोष्ट कळली, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिच्यात आहे. नट संगणकावर काम करत असताना दिग्दर्शकाला त्याचा चेहरा हवा असतो, म्हणून कॅमेरा समोरून लावतात आणि प्रेक्षकाला पडदा दिसतच नाही, दिसते ती संगणकाची पाठ. पाठीवर ज्याची खूण ठळक, अक्षरांशिवाय ओळखू येणारी आणि अंधारातही उजळणारी, तो संगणक लक्षात राहतो. ॲपलच्या लॅपटॉपवरचे सफरचंद कित्येक वर्षे आतून उजळत असे. सुरुवातीला झाकण उघडल्यावर ते समोरच्या माणसाला उलटे दिसायचे. पुढे कंपनीने ते फिरवले, म्हणजे वापरणाऱ्यापेक्षा समोरून पाहणाऱ्याचा विचार केला. उजळणारी खूण २०१५ पासून एकेका नमुन्यातून काढली गेली, पण तोवर ती सर्वांच्या डोळ्यांत बसली होती.

जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांचा त्रास तर वेगळाच होता. चित्रपटाचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेतो आणि पडदा त्याच सेकंदात साठ किंवा अधिक वेळा नव्याने रंगतो, त्यामुळे चित्रीकरणात पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. महेश्वरला शेवटी माझे पाच पडदे बंदच ठेवले. परदेशात पडदा कॅमेऱ्याच्या तालावर चालवण्याची सोय करणारे खास तंत्रज्ञ असत. चपटे पडदे आल्यावर ही अडचण बरीच सरली आणि संगणक दृश्यांत मोकळेपणाने येऊ लागला.

लोकमान्यनगर

जेलरोडकरांनी व्यवहाराची बाजू चांगली मांडली आहे. मी माध्यमांचा विषय शिकवतो, त्यामुळे थोडी भर घालतो. रोख पैसे हा यातला एकच मार्ग आहे, आणि संगणकांच्या बाबतीत तो मुख्य मार्ग नव्हे. ॲपलची भूमिका अशी राहिली आहे की ती पडद्यावर दिसण्यासाठी पैसे देत नाही, वस्तू मात्र पुरवते. निर्मात्याला नेपथ्याचा खर्च वाचवायचा असतो, त्यामुळे विनामूल्य आलेला सामान तो आनंदाने वापरतो. याशिवाय संकलक, चित्रकार, संगीतकार यांच्या हाती हेच संगणक अनेक वर्षे असल्याने ते सेटवर आधीपासूनच हजर असतात, हे कारणही विसरू नये.

दुसरा मार्ग एकत्रित जाहिरातीचा. १९९६ साली ‘मिशन : इम्पॉसिबल’ प्रदर्शित झाला तेव्हा ॲपलने त्या चित्रपटाला जोडून आपल्या पॉवरबुक या लॅपटॉपची मोठी मोहीम चालवली होती. तिसरा मार्ग मालकीचा. सोनीने १९८९ मध्ये कोलंबिया ही चित्रपटसंस्था विकत घेतली. त्यानंतर त्याच संस्थेच्या २००६ च्या ‘कॅसिनो रोयाल’मध्ये सोनीचे वायो लॅपटॉप आणि सोनी एरिक्सनचे फोन वारंवार दिसावेत यात नवल नाही.

मात्र प्रत्येक वेळी जाहिरातच असते असे नाही. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधील नियंत्रण कक्षात सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रे आहेत, आणि पडद्यावरचे डायनोसॉर रेखाटण्यासाठीही त्याच कंपनीची यंत्रे वापरली गेली होती. ती सामान्य ग्राहकाने दुकानातून उचलून न्यावीत अशी नव्हती. तेथे ती वस्तू कथेला शोभणारी होती, आणि एवढे कारण मला पुरेसे वाटते.

ग्वाल्हेरकर

वस्तू विनामूल्य मिळाली तरी ती पूर्णपणे मोकळी नसते, हे येथे सांगितले पाहिजे. दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी २०२० मधील एका मुलाखतीत सांगितले होते की ॲपल आपले फोन चित्रपटात वापरू देते, पण खलनायकाच्या हातात ते कॅमेऱ्यासमोर दिसू देत नाही. म्हणजे रहस्यकथेत कोणाच्या हाती कोणता फोन आहे यावरून प्रेक्षकाला गुन्हेगार ओळखता यावा, अशी वेळ येते. कथा लिहिणाऱ्याच्या अधिकारात हा हस्तक्षेप आहे आणि मला तो मान्य नाही. लोकमान्यनगर यांनी हा मुद्दा फार सौम्यपणे घेतला असे वाटते.

रामबागच्या ताईंचा दुसरा प्रश्न सुटून जाऊ नये. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०११ पासून दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमांत अशा वस्तू दाखवण्यास परवानगी मिळाली, पण तिथल्या कार्यक्रमात पैसे घेऊन वस्तू दाखवली असेल, तर सुरुवातीला आणि शेवटी पडद्यावर ‘पी’ हे अक्षर दाखवावे लागते. एवढी साधी खूण आपल्याकडच्या मालिकांनी आणि चित्रपटांनीही ठेवायला काय हरकत आहे?

रामबागची वाचक

सर्वांचे मनापासून आभार. जेलरोडकर काका, एक शेवटची शंका. पैसे घेऊन ठेवलेला लॅपटॉप आणि सहज ठेवलेला लॅपटॉप यांतला फरक घरी बसून ओळखता येईल का?

जेलरोडकर

खात्रीने नेहमीच सांगता येणार नाही, पण शेवटची श्रेयनामावली सोडू नका. आभाराच्या यादीत कंपन्यांची नावे बारीक अक्षरांत येतात. आणि कॅमेरा माणसावरून निघून झाकणावर थांबला, पुन्हा माणसाकडे आला, तर ती थांबण्याची जागा बहुधा आधी ठरलेली असते.