डिटेक्टिव्हच जादूगार असेल तर रहस्यकथा उरते कुठे?

चष्मेबद्दूर:
‘ड्रेस्डेन फाइल्स’ या कादंबरीमालिकेतली चित्रकथा ‘वेलकम टू द जंगल’ एका बैठकीत वाचून काढली. मालिकेचा लेखक जिम बुचर याच्या जुन्या कादंबरीचं हे रूपांतर नाही, खास चित्रकथेसाठी लिहिलेली वेगळी गोष्ट आहे. २००८ साली चार अंकांत आली, चित्रं आर्डियन स्याफची. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयात रखवालदाराचा खून होतो, आळ गोरिलावर येतो आणि पोलिसांतली मर्फी हॅरी ड्रेस्डेनला बोलावते. हॅरी धंद्याने खाजगी डिटेक्टिव्ह आणि जातिवंत जादूगार.

चित्रं झकास. पण रहस्यकथा म्हणून ही फसवणूक वाटली. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यातला दुसराच: अतिमानवी शक्तींना मज्जाव. वाचकाने डोकं खाजवायचं आणि लेखकाने ऐनवेळी पोतडीतून मंत्र काढायचा, याला कोडं म्हणत नाहीत. बोला!

घुबड:
नॉक्स पेशाने धर्मगुरू होता बरं का. अतिमानवी गोष्टींवर बंदी घालायला नेमका तोच भेटला!

गंमत सोडा. हॅरीच्या जादूला वेसण किती आहे ते बघा. जादूने माणूस मारला की जादूगारांची व्हाइट काउन्सिल शिरच्छेद करते. आमंत्रणाशिवाय कुणाच्या घराचा उंबरठा ओलांडला तर बरीचशी ताकद बाहेरच राहते. तो जवळ आला की आधुनिक यंत्रं बिघडतात, म्हणून बिचारा जुनाट फोक्सवॅगन बीटलमधून फिरतो. मंत्र हाती आला, पण संगणक गेला. हिशेब बरोबरीचाच. नियम आधी सांगितलेले असले की जादूसुद्धा बोटांच्या ठशांसारखीच पुरावा होते.

चष्मेबद्दूर:
नियम सांगितलेत कुठे? कादंबऱ्यांत! पहिली कादंबरी ‘स्टॉर्म फ्रंट’ २००० सालची आणि ही गोष्ट तर तिच्याही आधी घडते. म्हणजे नव्या वाचकाला हाच पहिला दरवाजा. त्याने आधी ग्रंथालय पालथं घालून मग यायचं का?

शाईचा डाग:
तुम्ही दोघंही शब्दांत अडकलात, चित्रकथेबद्दल बोलतंय कोण?

त्याआधी एक. आधुनिक रहस्यकथेची सुरुवात जिथून मानतात, त्या एडगर ॲलन पोच्या १८४१ सालच्या ‘मर्डर्स इन द र्‍यू मॉर्ग’मध्ये खुनी कोण आहे? ओरांगउटान. (पावणेदोनशे वर्षं उलटून गेली, रहस्यभेदाबद्दल माफी मागणार नाही.) तिथे सगळे माणूस शोधतात आणि निघतं वानर. इथे सगळ्यांचं बोट वानराकडे आणि हॅरी म्हणतो, हा नव्हे. मुद्दाम केलं की आपोआप झालं ते लेखकच जाणे, पण मला हे फार आवडलं.

माझी तक्रार वेगळी. कादंबऱ्यांत हॅरी ‘मी’ म्हणून बोलतो, तेच बोलणं इथे निवेदनाच्या चौकटींत भरलंय. चित्रात अंधारा पिंजरा दिसतोय, मग वर चौकट कशाला? स्याफने जे रेषेत कमावलं ते बुचरने बडबडून घालवलं. चित्रकथेत पुरावा कोपऱ्यात उघड्यावर ठेवता येतो, वाचकाची नजर त्यावरून निसटते, ही खरी मजा. शेजारी निवेदक बोलत बसला की नजर कोपऱ्यात जातेच कशाला?

घुबड:
चौकटी काढल्या तर उरेल काय? लांब कोट, हातात काठी, उंच माणूस. असे ढिगाने आहेत. घाबरल्यावर हॅरी विनोद करतो, ती भीती चित्रात दिसत नाही, आवाजातच ऐकू येते. विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारांत २००९ मध्ये चित्रकथेचं वेगळं पारितोषिक पहिल्यांदा दिलं गेलं तेव्हा याला नामांकन होतं. ते फक्त पिंजऱ्यांच्या रेखाटनासाठी नसावं.

शाईचा डाग:
नामांकन म्हणजे पारितोषिक नव्हे. :)

चष्मेबद्दूर:
पोचा मुद्दा डोक्यात नव्हता, दाद देतो. पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. गोरिला निर्दोष आहे हे हॅरीला लगेच उमगतं. मग तो संशयित कसला? नुसतं सजावटीचं जनावर.

घुबड:
गोरिलाने केलं का, हा प्रश्नच नाही हो. ते गोरिलावर ढकलून कुणाचं फावतंय, हा आहे. तिथून पुढे हॅरीला पायपीट करावीच लागते, मंत्राने खुनी आपोआप समोर येत नाही.

चष्मेबद्दूर:
बरं, पायपीट मान्य. दुसरा नियम मात्र सोडत नाही. रविवारी पुन्हा वाचतो, या खेपेला चौकटी झाकून.