'गळ' की 'आकडा'? 'टायगर शार्क'च्या उपशीर्षकांसाठी शब्द हवेत

विचारणा
हॉवर्ड हॉक्स यांच्या १९३२ सालच्या 'टायगर शार्क' या हॉलिवूडपटाला मराठी उपशीर्षके द्यायची आहेत. सॅन डिएगोचा पोर्तुगीज ट्यूना-मच्छीमार माइक (एडवर्ड जी. रॉबिन्सन), त्याची बायको किटा (झिटा जोहान) आणि तिचं मन ज्याच्यावर जडतं तो माइकचा जिवलग मित्र पाइप्स (रिचर्ड आर्लेन), असा त्रिकोण. कोशात पाहिलं तर सगळीकडे 'गळ' आणि 'आमिष' हेच दोन शब्द मिळतात. कर्णधार, जिवंत मासे फेकणं, बिनकाट्याचा गळ, एका गळाला दोन-तीन काठ्या, यांना काय म्हणावं? माइकच्या तुटलेल्या हाताच्या जागी बसवलेल्या लोखंडी हुकाला 'गळ' चालेल का?

उत्तर
नाही चालणार. इंग्रजीत दोन्हींना हुक म्हणतात, मराठीत वस्तू काय काम करते त्यावर नाव ठरतं. माशाच्या तोंडात अडकतो तो गळ. कंदील, पिशवी, पोतं अडकवायचा तो आकडा. माइकच्या मनगटाला आकडा आहे. 'गळ' लिहिलंत तर हाताला दोरी बांधलीय असं चित्र उभं राहील.

क्रियापदही जपा. 'गळ घाला!' असा हुकूम लिहू नका. मराठीत गळ घालणं म्हणजे आर्जव करणं, आणि भर समुद्रात खलाशी एकमेकांची मनधरणी करतायत असं वाटेल. 'गळ टाका' किंवा नुसतं 'टाका!'. मालवणी बोलीचा रंग हवा असेल तर गळाला 'गरी' आणि गळाने मासे धरण्याला 'गरवणे' हे शब्द आहेत. पण गरवणं म्हटलं की खाडीकाठी निवांत बसलेला माणूस दिसतो, या चित्रपटातली धावपळ त्यात मावत नाही.

कर्णधाराला 'कप्तान' म्हणाल तर तो मोठ्या जहाजावरचा होईल. बोट चालवणारा, कुठे जायचं ते ठरवणारा तो तांडेल. 'नाखवा'मध्ये मालकीचा अर्थ येतो. हाताखालच्यांना खलाशी म्हणा. त्यांच्या कमाईला 'पगार' नको. या बोटींवर धरलेल्या मालातून हिस्सा मिळायचा, म्हणजे आपल्याकडच्या रापणीत, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात, असतो तसा 'वाटा'.

दुसरे उत्तर
आमिषाबद्दल सांगतो, कारण चूक इथेच होईल. 'आमिष लावा' असं लिहू नका. काठीने ट्यूना उचलायच्या या पद्धतीत गळाला खायचं काहीच नसतं, पिसांचा झुपका बांधलेला असतो. खरं खाणं पाण्यात फेकतात: सार्डिन, अँकोव्ही असे जिवंत छोटे मासे. ते बोटीवरच्या टाक्यांत ठेवतात आणि टाकीत समुद्राचं पाणी सतत खेळवावं लागतं. पाणी थांबलं किंवा टाकीत गर्दी झाली की मासे गुदमरतात, घासून खवले जातात आणि मरतात. मेलेला मासा तरफडत नाही, मग ट्यूना वर येत नाही. म्हणून हा 'जिवंत चारा', आणि तो टाकणारा 'चारेकरी'. शेवटचा शब्द मी बनवलाय, पण कुणी अडखळणार नाही. चारा फेकणं थांबलं की थवा खाली जातो, म्हणून त्या माणसाला ओरडून सांगायचं वाक्य 'थांबू नको, टाकत राहा!' असंच हवं.

गळाला उलटा काटा नसण्यामागेही हिशेब आहे. मासा लागला की काठीच्या झटक्याने तो डोक्यावरून मागे येतो, दोरी सैल पडताच गळ आपोआप सुटतो, मासा डेकवर आणि गळ पुन्हा पाण्यात. काटा असता तर प्रत्येक मासा हाताने सोडवावा लागला असता आणि तेवढ्यात थवा निघून गेला असता. दोरी काठीपेक्षा लांब ठेवत नाहीत, नाहीतर मासा कठड्यावर आपटतो.

साधारण १०-१२ किलोपर्यंतचा मासा एकटा उचलतो. त्याहून मोठ्यासाठी दोन काठ्यांच्या दोऱ्या एकाच गळाला जोडतात. आणखी मोठ्याला तीन. 'दुकाठी' चालेल. 'तिकाठी' मात्र 'तिकटी'च्या फार जवळ जातं, कोल्हापूरकराला थेट मिरजकर तिकटीचा चौक आठवेल. 'तिघांचा गळ' लिहा. दोघांनी एकाच क्षणी उचललं नाही तर एकाची काठी खाली ओढली जाते आणि तो तोल जाऊन पाण्यात, जिथे शार्क आलेले असतात. चित्रपटातली भीती याच जागेवर उभी आहे. माणसं बोटीत उभी नसतात, कठड्याबाहेर पाण्यालगत टांगलेल्या लोखंडी चौकटीत उभी असतात, लाट आली की गुडघाभर पाण्यात. 'मचाण' म्हणू नका, ते उंचावर असतं. 'पायफळी' बरं.

पुरवणी
ट्यूनाला 'कुपा' करू नका. रत्नागिरीच्या बाजारात कुपा, गेदर ही नावं चालतात, पण मराठी प्रेक्षक आता 'ट्यूना' ओळखतो. शार्कचं 'मुशी' तर मुळीच नको, भीतीऐवजी सुक्या मासळीचा वास येईल.

भारतात हीच पद्धत लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर आहे, तिथले मालदीवशी जवळीक असलेले शब्द वेगळेच. सॅन डिएगोत १९५०च्या दशकाच्या अखेरीला नायलॉनची पर्ससीन जाळी (थव्याला वेढा घालून तळाशी आवळायची) आणि ती ओढणारी यांत्रिक कप्पी आली तशा बांबूच्या काठ्या मागे पडल्या. म्हणून उपशीर्षकात चुकूनही 'जाळं ओढा' येऊ देऊ नका.

माइकचं आडनाव आपल्याला परकं नाही, गोव्यात घरोघरी आहे. अक्षरांबरहुकूम 'मास्कारेन्हस' लिहितात, पोर्तुगीज उच्चार 'न्य'कडे झुकतो. गोव्यातल्या वाचकाला ओळखीचं रूप ठेवा.

मूळ विचारणाऱ्याकडून
आभार. तांडेल, आकडा, जिवंत चारा, पायफळी घेतो. एक राहिलं: पाइप्स हा माइकचा प्रेमातला 'रायव्हल'. 'प्रतिस्पर्धी' म्हटलं की कुस्ती आठवते.

उत्तर
बाईच्या बाबतीत 'सवत' तयार आहे, पुरुषासाठी रोजच्या मराठीत तसा शब्द नाही. गंमत अशी की संस्कृतात 'सपत्नी'वरूनच 'सपत्न' म्हणजे शत्रू, प्रतिस्पर्धी हा पुल्लिंगी शब्द घडला. आपल्याकडे त्याचा माग फक्त 'सापत्नभावा'त उरलाय. उपशीर्षकात तो कळणार नाही. नाम शोधूच नका, माइकच्या तोंडी 'माझ्याच बोटीवरचा, माझाच दोस्त' एवढं द्या. त्याला पाइप्सचा राग येतो तो नेमका याच नात्यामुळे.